लाइव्ह साउंडच्या धंद्यात उतरताना: सामान, जोडणी, पहिला कार्यक्रम आणि हिशेब

नवीन माणूस या धंद्यात आला की आधी स्पीकरचे वॅट मोजतो. ग्राहकाला वॅटशी काही देणंघेणं नसतं. शेवटच्या रांगेतल्याला शब्द कळले का आणि मध्येच आवाज गेला का, एवढंच तो बघतो आणि त्यावरच पुढचं काम देतो. त्यामुळे सुरुवात भाषणं, चर्चा, बक्षीस समारंभ, एक-दोन गायकांचे छोटे कार्यक्रम यांपासून करावी. बोलणं स्वच्छ पोहोचवता आलं की संगीताची निम्मी तयारी झालेली असते.

खरेदीच्या आधी

पैसे गुंतवण्याआधी चालू असलेल्या एखाद्या साउंडवाल्याच्या हाताखाली काही महिने काम करा. मिक्सरला (सगळ्या माईक-वाद्यांचे आवाज एकत्र करून त्यांची पातळी ठरवणारं यंत्र) हात लावायला मिळाला नाही तरी चालेल. तिथे शिकायच्या गोष्टी वेगळ्याच असतात: सामान कोणत्या क्रमाने गाडीत चढतं, स्टेजवर केबल कुठून नेतात, इनपुट लिस्ट, म्हणजे मिक्सरच्या कोणत्या इनपुटला कोणता माईक किंवा वाद्य याची यादी, कशी वाचतात. स्टेजची डावी-उजवी बाजू नेहमी कलाकाराच्या बाजूने धरतात, प्रेक्षकांच्या नाही, हेही तिथेच अंगवळणी पडतं.

आणि केबल गुंडाळणं. कोपराभोवती गुंडाळलेली केबल आतून पिळली जाते आणि काही महिन्यांत तिची तार प्लगजवळ तुटते. बरोबर पद्धत अशी: पहिला वेढा नेहमीसारखा हातात घ्यायचा, दुसऱ्या वेढ्याला मनगट आत वळवून केबल उलट्या बाजूने घ्यायची, मग पुन्हा सरळ, पुन्हा उलट. एका वेढ्याचा पीळ दुसऱ्यात निघून जातो आणि केबल फेकली की सरळ पसरते. फक्त टोक वेढ्यांच्या मधून जाऊ देऊ नका, नाहीतर ओढताना गाठींची माळ तयार होते. हे जमेपर्यंत कुठलाही चांगला साउंडवाला तुम्हाला दुसरं काम देणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

पहिला संच

साधारण शंभर-दीडशे माणसांच्या हॉलसाठी एवढं पुरतं:

- १२ इंची पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प असलेले) स्पीकर ४. दोन प्रेक्षकांसाठी, दोन मॉनिटर म्हणून, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा यासाठी त्याच्याकडे रोखलेले. चारही एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे पुढचा एक बंद पडला तर मॉनिटर उचलून त्या जागी लावता येतो.
- १६ चॅनेलचा डिजिटल मिक्सर, किमान ४ ऑक्स आउटपुट (मॉनिटरसारख्या जागी वेगळं मिश्रण पाठवायचे) असलेला.
- गाण्या-बोलण्याचे डायनॅमिक (वीज न लागणारे) माईक ६. शूअरचा एसएम ५८ हा १९६६पासून बाजारात आहे आणि आजही जगभर तोच मापदंड धरला जातो. वाद्यांसाठी एसएम ५७ दोन.
- डीआय बॉक्स (वाद्याचं आउटपुट मिक्सरच्या माईक इनपुटला जुळवणारी डबी) ४: दोन पॅसिव्ह, दोन अ‍ॅक्टिव्ह. त्याशिवाय लॅपटॉपसाठी ट्रान्सफॉर्मरवाला स्टिरिओ डीआय एक.
- एक्सएलआर (तीन पिनांची) केबल: ५-६ मीटरच्या १०, १० मीटरच्या ६, स्पीकरसाठी २० मीटरच्या ४.
- स्पीकर स्टँड २, उंच माईक स्टँड ५, बुटके २.
- मल्टिमीटर, केबल टेस्टर, अर्थिंग तपासायचा सॉकेट टेस्टर, गॅफर टेप (केबल जमिनीला चिकटवायची कापडी टेप), मार्कर, टॉर्च.

डीआयमध्ये दोन प्रकार का, हे समजून घ्या. कीबोर्डचं आउटपुट दणकट असतं, त्याला पॅसिव्ह डीआय चालतो. अकूस्टिक गिटारमध्ये पिएझो पिकअप (लाकडाची कंपनं पकडणारा सेन्सर) असेल आणि आत प्रीअ‍ॅम्प नसेल, तर पॅसिव्ह डीआय त्याच्यावर भार टाकतो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. तिथे अ‍ॅक्टिव्ह लागतो. तो बॅटरीवर किंवा मिक्सर माईकच्या केबलमधूनच देतो त्या ४८ व्होल्ट फँटम विजेवर चालतो.

पॅसिव्ह स्पीकर आणि वेगळा अ‍ॅम्प स्वस्तात मिळत असेल तर दोन गोष्टी सांभाळा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २ ओहम. अ‍ॅम्प किती ओहमपर्यंत झेपतो ते त्याच्या मागे लिहिलेलं असतं. दुसरं, गिटारची जॅकवाली केबल आणि स्पीकरची जॅकवाली केबल बाहेरून सारखीच दिसते. गिटारच्या केबलमधली तार बारीक असते, ती स्पीकरला लावली तर तापते. स्पीकॉन (स्पीकरसाठीच बनवलेला, फिरवून अडकणारा प्लग) वापरा, हा घोळच संपतो.

सबवूफर (खालचे जड सूर वाजवणारा मोठा स्पीकर) पहिल्या दिवशी नको. गाडीत जागा खातो, वीज खातो आणि भाषणात त्याचा काही उपयोग नाही. लागेल तेव्हा भाड्याने आणा.

वॅटबद्दल एकदाच हिशेब करून ठेवा. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) वाढतो, जो जेमतेम जाणवतो. ऐकणाऱ्याला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डीबी, म्हणजे दहापट वॅट लागतात. अंतर मात्र उलट्या बाजूने निर्दयपणे काम करतं: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात. स्पीकरच्या कागदावर १ मीटरला कमाल १२६ डीबी लिहिलं असेल, तर १६ मीटरवर चार वेळा अंतर दुप्पट झालं, म्हणजे २४ डीबी गेले, उरले १०२. तेही क्षणिक शिखर. सरासरी त्याच्या १२ ते १५ डीबी खाली. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे घट थोडी कमी होते. मैदानात होत नाही. हॉलमध्ये उत्तम चाललेला संच मैदानात केविलवाणा वाटतो तो यामुळेच.

काम घेताना विचारायचे प्रश्न

माणसं किती, जागा बंद की उघडी, खोली किती लांब. एका वेळी किती माईक चालू असतील. कोणती वाद्यं, लॅपटॉपवरून काही वाजणार का, रेकॉर्डिंगवाल्याला आउटपुट द्यायचंय का. हॉल कधी ताब्यात मिळणार आणि कधी रिकामा करायचा. लिफ्ट आहे की जिने. विजेचा बोर्ड स्टेजपासून किती मीटर, आणि त्याच बोर्डावर आणखी कोण आहे. उघड्यावर असेल तर मिक्सरवर छप्पर कोण देणार.

उत्तरं आली की इनपुट लिस्ट कागदावर काढा: चॅनेल १ सूत्रसंचालक वायरलेस, २ पोडियम, ३ गायक, ४ गिटार अ‍ॅक्टिव्ह डीआय, ५-६ कीबोर्ड डावा-उजवा, ७-८ लॅपटॉप. शेजारी प्रत्येकाला कोणता स्टँड आणि किती मीटर केबल ते लिहा. हीच यादी सामान भरायलाही वापरा. यादीत नसलेली वस्तू गाडीत येत नाही.

जादा सामानाचा नियम साधा आहे: जी वस्तू एकच आहे आणि तिच्याशिवाय कार्यक्रम थांबतो, ती दोन न्या. मिक्सर दुसरा परवडत नसेल तर जुना चार चॅनेलचा अ‍ॅनालॉग मिक्सर गाडीत पडू दे. सूत्रसंचालकाचा आवाज निघाला की वेळ निभावून नेता येते.

वीज

इथे घाई करू नका. सामान जळण्याचे आणि माणसाला झटका बसण्याचे प्रकार जोडणीच्या पहिल्या दहा मिनिटांत होतात.

एका लाइनवर किती भार चालेल हे व्होल्ट गुणिले अँपिअर. २३० व्होल्ट, १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॅट. सतत वापराला त्याच्या ८० टक्के धरा, म्हणजे सुमारे २९०० वॅट. आपलं काहीही सॉकेटमध्ये घालण्याआधी मल्टिमीटरने तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं एक-दोन व्होल्टच्या आसपास हवं. फेज-अर्थ शून्याजवळ किंवा भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंग तुटलेलं असू शकतं. तो सॉकेट वापरू नका, हॉलच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन फेजच्या जागेत न्यूट्रल सैल असेल तर सिंगल फेजच्या लाइनवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि एका क्षणात मिक्सरसकट सगळं जातं. जनरेटर असेल तर आधी तो चालू करून स्थिर होऊ द्या, मोजा, मग जोडा.

मिक्सर आणि स्टेजवरचं सामान एकाच बोर्डावरून घ्या. दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेतली की दोन अर्थमध्ये फरक पडतो आणि ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. ती घालवायला काही जण प्लगची अर्थपिन काढतात. हे कधीही करू नका. त्या पिनेवर गायकाचा जीव आहे: ओठ माईकला, हात गिटारला, आणि मधे बिघडलेला अ‍ॅम्प. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण याच कामासाठी असतं. ते फक्त ऑडिओ केबलची अर्थ-जोडणी तोडतं, विजेची नाही.

एक्स्टेंशनचा रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळावर मोठा भार टाकला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं.

उभारणी

स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. उंची एवढी की हॉर्न (स्पीकरचा उंच सूर फेकणारा भाग) पहिल्या रांगेच्या डोक्यावरून जाईल आणि शेवटच्या रांगेकडे रोखला असेल. साधारण दोन मीटर. स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, पिन घाला, पायावर वाळूची पिशवी. स्पीकर टांगायचं काम प्रशिक्षित रिगरशिवाय घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

विजेच्या आणि ऑडिओच्या केबल वेगळ्या वाटेने न्या. एकमेकींना ओलांडायच्या असतील तर काटकोनात. चालण्याच्या वाटेवर पूर्ण लांबीवर टेप किंवा रबरी पट्टी.

चालू करण्याचा क्रम: आधी वाद्यं आणि मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. उलट केलं की मिक्सर चालू होतानाचा धडाका थेट स्पीकरमध्ये जातो आणि हॉर्नचा डायफ्राम त्याची किंमत मोजतो.

हॉल लांबट असेल आणि मधे आणखी दोन स्पीकर लावले असतील तर त्यांना उशीर द्यावा लागतो. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे २.९ मिलिसेकंद. मधला जोड १५ मीटरवर असेल तर ४४ मिलिसेकंद, वर आणखी १० मिळवा. त्यामुळे कानाला आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं.

गेन

गेन म्हणजे माईकचा बारीक आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते. सगळ्यात जास्त कार्यक्रम इथे बिघडतात, म्हणून एकेक चॅनेल शांतपणे करा.

१. फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली, चॅनेल म्यूट (आवाज बंद). माईक जोडा. कंडेन्सर माईक (फँटमची वीज लागणारा) किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय असेल तर आता ४८ व्होल्ट द्या आणि काही सेकंद थांबा. फँटम चालू असताना म्यूट न करता केबल काढली-घातली तर स्पीकरमधून गोळीसारखा आवाज निघतो.

२. वक्त्याला खरोखर बोलेल तसं बोलायला सांगा. ‘हॅलो, हॅलो’ नको. दोन वाक्यं वाचायला द्या. तपासणीत कुजबुजणारा माणूस कार्यक्रमात ओरडतो.

३. गेन वाढवत न्या. डिजिटल मिक्सरच्या मीटरवर (तिथे शून्य म्हणजे कमाल) सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास आणि शिखर उणे १० ते उणे ६च्या मधे राहायला हवं. लाल दिवा लागला की आवाज फाटतो, आणि तो फेडर खाली घेऊन दुरुस्त होत नाही, कारण फाटला तो फेडरच्या आधी.

४. हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या फ्रीक्वेन्सीच्या खालचं अडवणारा) चालू करा, बोलण्यासाठी १०० हर्ट्झच्या आसपास. स्टँडला बसलेला धक्का, वारा, पॉपचा दणका, शेजारच्या सबची गुणगुण, सगळं तिथेच अडतं.

५. म्यूट काढा, फेडर शून्याच्या खुणेजवळ आणा. शून्याजवळ फेडरची चाल बारीक असते, बोटाच्या हलक्या हालचालीने एक-दोन डीबी बदलता येतात. काम कायम उणे ३०वर होत असेल तर मास्टर किंवा स्पीकरचा नॉब गरजेपेक्षा वर आहे.

मॉनिटरचे ऑक्स प्री-फेडर (फेडरच्या आधीच आवाज घेणारे) ठेवा. पोस्ट-फेडर राहिले तर तुम्ही प्रेक्षकांसाठी गायकाला वर नेलं की त्याच्या पायाशी असलेला मॉनिटरही वर जातो, आणि दोन मिनिटांत शिट्टी. नव्या मिक्सरवर पहिल्यांदा तपासायची गोष्ट हीच.

माईक शिट्टी मारतो तेव्हा

शिट्टी म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून तेच चक्र वाढत जाणं. बरेच जण सरळ इक्वलायझरकडे (एकेक फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणारा) धावतात. तो शेवटचा उपाय आहे.

माईक तोंडाजवळ आणा. अंतर निम्मं केलं की ६ डीबी फुकट मिळतात. मग बंद करता येतील ते माईक बंद करा. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला उरलेली जागा ३ डीबीने घटते. मग मॉनिटरची जागा बघा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक बरोबर मागून कमीत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या शेपटीसमोर. सुपरकार्डिऑइडची (समोरून आणखी अरुंद ऐकणारा माईक) बहिरी जागा समोरून मोजून साधारण १२५ अंशांवर असते, त्याला मॉनिटर थोडा बाजूला हवा. आणि जाळी मुठीत धरणाऱ्या गायकाला नम्रपणे सांगा की माईकच्या मागच्या फटी झाकल्या की तो सगळीकडून ऐकायला लागतो.

एवढं करूनही कमी पडत असेल तर हॉल रिकामा असताना मॉनिटर हळूहळू वाढवा. पहिला सूर घुमला की तेवढी फ्रीक्वेन्सी अरुंद कापाने ३ ते ६ डीबी खाली घ्या. पुन्हा वाढवा, दुसरा सूर शोधा. चार-पाच कापांवर थांबा. त्यापुढे शिट्टीबरोबर बोलण्यातला जीवही जातो. ‘हू’ असा घुमारा बहुधा २५० ते ५०० हर्ट्झला असतो, सरळ शिट्टी १००० ते २००० मधे, कानात टोचणारी चिरक त्याच्या वर.

पोडियमवर एकच माईक ठेवा. दोन माईक एकाच तोंडाकडे रोखले की वक्त्याने मान हलवताच आवाज पोकळ होतो, कारण दोन्हीपर्यंतचं अंतर वेगळं असतं आणि काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना खातात.

लॅपटॉपवरचं गाणं आणि गायब झालेला गायक

हा प्रकार प्रत्येक नवशिक्याला एकदा तरी चकवतो. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून केबल काढली, दुसऱ्या टोकाचा एक्सएलआर मिक्सरला लावला, गाणं सुरू केलं, आणि संगीत येतंय पण गायक नाही; दूरवरून नुसता त्याचा प्रतिध्वनी.

कारण जोडणीत आहे. मिक्सरचा बॅलन्स्ड इनपुट पिन २ आणि पिन ३ मधला फरक तेवढा घेतो, दोन्हींवर सारखं असलेलं टाकून देतो. केबलवरची खरखर नाहीशी होते ती याच युक्तीने. पण हेडफोनच्या जॅकमध्ये एका तारेवर डावा आणि दुसऱ्यावर उजवा चॅनेल असतो. गायक दोन्हींत समसमान असतो, म्हणून मिक्सर त्यालाच खरखर समजून पुसतो. उपाय: डावा-उजवा वेगळे करणारी वाय-केबल, ती स्टिरिओ डीआयमध्ये, आणि तिथून दोन चॅनेल. त्याच डीआयमुळे चार्जरची किणकिण जाते आणि चुकून फँटम लागला तरी लॅपटॉप वाचतो. नोटिफिकेशन बंद करायला विसरू नका.

कार्यक्रम चालू असताना

आवाज गेला तर पहिला प्रश्न एकच: त्या चॅनेलचा मीटर हलतोय का? हलत असेल तर दोष मीटरच्या पुढे आहे: म्यूट, राउटिंग (आवाज कुठल्या आउटपुटला पाठवलाय ते), स्पीकरची केबल, वीज. हलत नसेल तर मागे: माईकचं बटण, बॅटरी, केबल, फँटम. अर्धी साखळी एका नजरेत बाद होते. केबलचा संशय असेल तर ती तपासत बसू नका, बदला. जोडलेला, तपासलेला एक जादा वायर्ड माईक स्टेजच्या कडेला कायम तयार ठेवा.

वायरलेसला नव्या किंवा पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या कार्यक्रमाआधीच घाला. रिसीव्हरचा अँटेना माईकला दिसेल अशा उंचीवर, माणसांच्या गर्दीत खाली नाही. हॉलमध्ये पोहोचल्यावर स्कॅन करून मोकळे चॅनेल घ्या, आणि अनेक सेट असतील तर एकाच ग्रुपमधले निवडा, कारण दोन ट्रान्समीटर मिळून तिसऱ्याच फ्रीक्वेन्सीवर अडथळा तयार करतात. कोणता पट्टा परवानगीचा आहे ते देशागणिक बदलतं. विकत घेण्याआधी बघा.

टॅब्लेटवरून मिक्स करत असाल तर स्वतःचा राउटर न्या. हॉल भरला की शेकडो फोनांमुळे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कोंदतो, म्हणून ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, आणि शक्य तिथे एक लॅपटॉप केबलने जोडलेला असू द्या.

कानांचं बघा. ८५ डीबी-ए (कानाला ऐकू येतं त्याप्रमाणे मोजलेले डेसिबल) ला आठ तास ही नोकरीच्या ठिकाणची रूढ शिफारस. दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे १०० डीबी-ए ला पंधराच मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीची मर्यादा १०० डीबी सुचवली आहे. मिक्सरजवळ आवाज मोजायचा मीटर ठेवा. संगीतकारांसाठीचे इअरप्लग खरेदीच्या यादीत पहिल्याच महिन्यात असावेत.

हिशेब

शेजारच्यापेक्षा थोडं कमी, असा दर लावणारे बहुतेक दोन वर्षांत सामान विकतात. दर असा काढा: संचाची एकूण किंमत भागिले तो टिकेपर्यंत होतील अशी कामं, त्यात मदतनिसाची मजुरी, गाडी, टेप-बॅटऱ्या, दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम, विमा. शिवाय तुमचे तास. दोन तासांच्या कार्यक्रमाला सामान भरणं, प्रवास, उभारणी, तपासणी, उतरवणं धरून सहज दहा तास जातात. दहाचे पैसे मागा.

लेखी ठरवायच्या गोष्टी: सामानाची यादी, पोहोचण्याची आणि संपण्याची वेळ, वेळ वाढली तर तासाचा दर, विजेची जबाबदारी, पावसात काम थांबवण्याचा तुमचा अधिकार, रद्द झालं तर किती आगाऊ रक्कम परत नाही. विमा सामानाचाही आणि तिसऱ्याला इजा झाली तर त्याचाही. जे काम संचाच्या आवाक्याबाहेर आहे ते भाड्याने सामान आणून करा किंवा सोडा. वर्षात तीन-चारदा लागणाऱ्या वस्तूसाठी कर्ज काढू नका.

कार्यक्रम संपल्यावर सामान यादीशी मोजून गाडीत चढवा. ज्या केबलने आज त्रास दिला तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावा आणि ती वेगळ्या पिशवीत टाका. चांगल्या केबलींच्या पेटीत परत गेली तर पुढच्या कार्यक्रमात तीच पुन्हा हातात येते.